बाम्फेरीच्या राजवाड्याची चौकट

सन दोन हजार दोनच्या आरंभी अबू धाबीनजीकच्या खलिफा सिटीमध्ये एका अरब गृहस्थाच्या नव्या व्हिलाचे काम अखेरच्या टप्प्यात आले होते. सुतारकाम रामेश्वर मेस्त्रीकडे होते. तो मूळचा संगमेश्वराकडचा, पिढीजात सुतार. त्याने घडवलेल्या लाकडाला पॉलिश करण्याचे काम माझ्याकडे, म्हणजे मुरलीधरकडे, होते. आम्हां सर्वांवर देखरेख ठेवणारे सुपरवायझर रफिकभाई रत्नागिरीचे असल्यामुळे मराठीत रागावत आणि हिंदीत समजूत काढीत. फाटकावर न्दिफोर नावाचा कॅमेरून देशाचा पहारेकरी असे. साइटवर सर्वजण त्याला दीपूभाई म्हणत. तो आमच्याच कंपनीचा माणूस होता आणि आमच्याच संगतीने मोडकी हिंदी शिकला होता.

एके दिवशी सकाळी ट्रकमधून एक लांबच लांब लाकडी पेटी उतरली. मालकांनी शारजाच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी आफ्रिकी चौकट खरेदी केली होती, आणि ती मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्याच्या, दाराला बसवावी अशी त्यांची इच्छा होती. मालक तेव्हा परदेशी गेले होते. रामेश्वरने पेटीच्या फळ्या उचकटल्या. आत कोळशासारखे काळे, जुने लाकूड होते. दोन उभे खांब, वर आडवी पट्टी, आणि खांबांवर एकावर एक बसलेल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या.

"ह्याला पॉलिश नको मुरली," रामेश्वर हळूच म्हणाला. "ह्याला हात लावायलासुद्धा अंघोळ करून यायला हवं."

पेटीची फळी फेकण्यासाठी न्दिफोर आत आला होता. चौकट दृष्टीस पडताच त्याच्या हातातील फळी गळून पडली. तो वाकला, गुडघ्यांवर आला, दोन्ही तळहातांची ओंजळ करून त्याने तीन वेळा टाळी वाजवली आणि मग हाताने तोंड झाकून घेतले. आम्हांला प्रथम वाटले की त्याला काहीतरी चावले.

"क्या हुआ दीपूभाई?"

तोंडावरचा हात न काढताच तो म्हणाला, "ये मेरा राजा का दरवाजा है।"

रफिकभाई हसले. "अरे, ह्याच्या राजाचा दरवाजा म्हणे! मग मी पण सांगतो, माझ्या आजोबाचा ताजमहाल आहे. यल्ला, उचला."

परंतु न्दिफोर उठेना. त्याचे डोळे वरच्या बाजूस खिळले होते. उजव्या खांबाच्या शेंड्याला एक चेहरा अर्धवट कोरलेला होता. कपाळ आणि एक डोळा झाला होता, बाकीच्या जागी नुसत्या छिन्नीच्या खुणा होत्या. तो चेहरा पाहून तो ढसाढसा रडू लागला, आणि रफिकभाईंचे हसू तेथेच मावळले.

दुपारच्या जेवणाच्या सुटीत, डबे उघडलेले तसेच ठेवून, आम्ही त्याची हकीकत ऐकली. त्याच्या हिंदीत जे तुटक होते ते मी येथे माझ्या भाषेत जोडून लिहीत आहे.

कॅमेरूनच्या पश्चिमेकडील डोंगरांत बाम्फेरी नावाचे लहानसे राज्य आहे. तेथील राजाला फॉन म्हणतात. उजव्या खांबावर त्या राज्याचे फॉन आहेत आणि डाव्या खांबावर त्यांच्या राजमाता. इतिहास तळापासून वर चढत जातो. सर्वांत खाली बसलेला तो पहिला फॉन. घोडेस्वार लुटारूंच्या भयाने तो आपली माणसे घेऊन डोंगर चढून आला आणि जेथे त्याला झोपलेला बिबट्या दिसला तेथेच त्याने बांबूची एक झोपडी उभारली. तोच पहिला राजवाडा. बिबट्या निजतो ती जागा निर्भय, असा त्याचा विचार होता. दुसऱ्या फॉनने उतारावर राण्यांची घरे बांधली आणि पुढे बाजाराचे पटांगण मोकळे सोडले, कारण ज्या राजवाड्यासमोर भाजी विकली जात नाही तेथे राजा उपाशी आहे असे समजावे, असे तो म्हणे. तिसऱ्याच्या कारकिर्दीत गोरे सैनिक आले. त्यांनी अख्खा राजवाडा जाळला. त्या धुरातून न्दिफोरचा खापरपणजोबा, जो राजाचा द्वारपाल होता, ही चौकट पाठीवर घेऊन दरीत उतरला आणि ओढ्याच्या डोहात दगडांखाली तिला बुडवून आला. कित्येक वर्षे ती पाण्यात राहिली. म्हणून ती इतकी काळी आणि इतकी हलकी. चौथ्या फॉनने राजवाडा पुन्हा बांधला, आणि पाद्र्यांनी दिलेले छपराचे पत्रे फक्त दर्शनी बाजूस घातले. आतल्या घरांवर त्याने गवतच ठेवले, कारण पत्र्यावर पाऊस वाजला की पूर्वजांचे बोलणे ऐकू येत नाही. पाचवा फॉन न्दिफोरने स्वतः पाहिलेला. त्याच्यासमोर तो लहानपणी झाडू मारीत असे.

"और ये ऊपर?" रामेश्वरने अर्ध्या चेहऱ्याकडे बोट दाखवले.

तेव्हा त्याने सांगितले ते असे. फॉन मरण पावला असे तेथे कोणी म्हणत नाही. चौकट दारातून काढून आडवी ठेवली की लोकांनी काय ते समजावे. मग तिच्यावर नव्या राजाची मूर्ती कोरतात, चौकट पुन्हा उभी करतात आणि नवा राजा तिच्यातून आत जातो. तोवर तो राजा नव्हे. अर्धा चेहरा पाहूनच न्दिफोरला कळले की पाचवा फॉन गेला, आणि चौकट कोरण्यासाठी आडवी पडली असतानाच कोणीतरी तिची चोरी केली.

"मेरा बाप अभी द्वारपाल है," तो म्हणाला. "उसके बाद मैं।"

कोणीही डब्याला हात लावला नाही.

संकट दुसऱ्याच दिवशी उभे राहिले. मजलिसच्या दारावरची काँक्रीटची तुळई आधीच ओतलेली होती, आणि चौकट त्या उंचीपेक्षा हातभर मोठी निघाली. रफिकभाईंनी टेप लावून पाहिला, पुन्हा लावून पाहिला, आणि कपाळाला हात लावला.

"मेस्त्री, कापावी लागेल."

"कुठून कापू? तुम्हीच सांगा."

"वरून काप ना. ते वरचं तोंड तसंही अर्धंच आहे. कोण बघतंय?"

न्दिफोर फाटक सोडून धावत आला. "रफिकभाई, वो कटेगा तो राजा नहीं बनेगा।"

"मग खालून काप."

"नीचे पहला राजा है। वो कटेगा तो राजवाडा नहीं रहेगा।"

"हबीबी, माझी नोकरी नाही राहणार त्याचं काय?" रफिकभाई ओरडले. परंतु ओरडून झाल्यावर ते तेथेच पेटीवर बसले. "मालक पंधरवड्यात येणार. इंजिनीअर म्हणतो संगमरवर बसवायच्या आधी चौकट उभी पाहिजे. मी काय करू, तुळई डोक्यावर घेऊन उभा राहू?"

त्या संध्याकाळी न्दिफोरने शहरात जाऊन मायदेशी फोन केला. बाम्फेरीत फोन एकच, मिशनच्या दवाखान्यातला. तेथून जे कळले ते त्याने परत येऊन आम्हांला सांगितले. राजवाड्याचे दार रिकामे पडले होते. त्याचे वृद्ध वडील त्या रिकाम्या दारातच बसून राहिले होते आणि राजमंडळाने त्यांच्यावरच संशय घेतला होता. द्वारपालाच्या नजरेआड चौकट जाईल कशी? कोरडा हंगाम संपण्याआधी चौकट परत यावी, अन्यथा द्वारपालाने चोराचे नाव सांगावे. तेही न झाल्यास त्याचे घर राज्याबाहेर घालवावे, असा निवाडा झाला होता.

"मग सांग ना त्यांना, चौकट सापडली म्हणून," मी म्हणालो.

"क्या बोलूँ? बेटा गल्फ में, दरवाजा गल्फ में। सब बोलेंगे बेटा ने बेचा।"

हे खरेच होते. चौकट सोबत घेऊन तो परतला तरच तिचे सापडणे हा पुरावा झाला असता. नुसते सापडल्याचे सांगितले तर तो आरोपच ठरणार होता.

रामेश्वरने रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी तो रफिकभाईंना म्हणाला, "चौकट कापायची नाही, वर तुळई फोडायची नाही. जमीन खाली घ्यायची. संगमरवर अजून बसलेला नाही. दोन्ही बाजूंना खड्डे घेतो आणि खांब हातभर खाली उतरवतो. पहिला राजा जमिनीत जाईल, पण अख्खा राहील."

रफिकभाईंनी इंजिनीअरला फोन लावला आणि परवानगी मिळवली. मग न्दिफोरकडे वळून ते म्हणाले, "सुन, मालिक आएगा तो मैं खुद बात करूँगा. इन्शाल्ला मानेगा. मी बोलतो म्हणजे बोलतो. तोवर तुझा राजा इथे उभा राहील."

न्दिफोरने त्यांच्यापुढेही ओंजळीची टाळी वाजवली. रफिकभाई ओशाळून म्हणाले, "अरे बाबा, मला नको वाजवू, मी काय राजा आहे? माझं माझी बायकोसुद्धा ऐकत नाही."

शुक्रवारी सुटी होती. न्दिफोर वडिलांना फोनवर बोलावून धीर देण्यासाठी शहरात गेला. आणि त्याच दिवशी, आपण होऊन, रामेश्वरने चौकट कायमची बसवली.

आमच्याकडे चौकट बसवणे म्हणजे घराचा जन्म. ज्या दिवशी चौकट उभी राहते त्या दिवशी सुताराला टॉवेल-टोपी मिळते, चौकटीला आंब्याचे टहाळे बांधतात, हळदकुंकू वाहतात. एकदा बसलेली चौकट कोणी हलवीत नाही. घर पडले तरी लोक चौकट उभी ठेवतात. रामेश्वरने सर्व काही रीतीप्रमाणे केले. आंब्याची पाने मिळाली नाहीत म्हणून त्याने बागेतील बोगनवेलीची फांदी बांधली. नारळ त्याने बाहेर, वाळूत फोडला. नंतर त्याने खांब खड्ड्यांत उतरवले, ओळंबा लावला, दोन्ही बाजूंना लोखंडी पकडी ठोकून भिंतीत घातल्या, आणि खड्ड्यांत ग्राउट ओतला. ग्राउट म्हणजे सिमेंटचे ते पातळ मिश्रण, जे सुकल्यावर दगडाहून कठीण होते.

मी चहा घेऊन गेलो तेव्हा तो हात धूत होता.

"मेस्त्री, हे काय केलंत? मालक आल्यावर काढायची आहे ना ती?"

तो माझ्याकडे अशा दृष्टीने पाहू लागला, जणू मी अजून लहान आहे. "मुरली, किती वर्षं झाली तुला इथे? मालक लोकांनी विकत घेतलेली वस्तू कोणाला परत दिलेली पाहिलीस कधी?"

मी चहा त्याच्यापुढे ठेवला.

"सैल ठेवली असती तर काय झालं असतं? मालक नाही म्हणाला असता. उद्या त्याला कंटाळा आला असता. परवा कोणी उपटून नेली असती, कापली असती, टेबल केलं असतं. आता कोणाच्या बापाला हलत नाही. दीपूला त्याच्या देशात नाही मिळाली, तरी ती कुठेतरी उभी आहे, अख्खी आहे, एवढं तर राहील त्याला." आणि भिजलेल्या डोळ्यांनी तो म्हणाला, "गरिबाला एवढंच देता येतं रे."

त्यात त्याचा कोणताही कपटभाव नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकतो. आजवर पाहिलेल्या सर्व मालकांच्या अनुभवावरून त्याने तो निर्णय केला होता.

न्दिफोर परतला तो थेट आत आला. चौकट उभी पाहून प्रथम त्याचा चेहरा उजळला. त्याने ओंजळीची टाळी वाजवली. मग पुढे होऊन, त्याच्या घराण्याची रीत असावी तशी, त्याने दोन्ही हातांनी खांब धरून हलकेच हलवला.

खांब हलला नाही.

त्याने जोर लावला. मग तो खाली वाकला आणि सुकत आलेल्या राखाडी ग्राउटवर त्याने बोट फिरवले.

"मेस्त्री भाई," तो म्हणाला, "इसको हिलना चाहिए।"

"हललेली चौकट म्हणजे सुताराची बेअब्रू," रामेश्वर उत्तरला. परंतु त्याचा आवाज खाली गेला होता.

"हमारा दरवाजा हमेशा ढीला रहता है। मिट्टी में। राजा जाता है, तो वो भी लेटता है। जो दरवाजा लेट नहीं सकता..." त्याचे वाक्य पुरे झाले नाही. तो उठला आणि फाटकावर जाऊन आपल्या खुर्चीत बसला. त्या दिवशी त्याने कोणाचाही चहा घेतला नाही.

मालक ठरल्याप्रमाणे परदेशातून परत आले. शांत स्वभावाचे, वयस्क गृहस्थ. हातात जपमाळ. रफिकभाईंनी दिलेला शब्द पाळला. त्यांनी मोडक्या अरबीत सर्व हकीकत सांगितली, आणि आम्ही भिंतीला लागून उभे राहिलो. मालकांनी न्दिफोरला जवळ बोलावले. वडिलांचे वय विचारले. पहिल्या फॉनची कथा विचारली, बिबट्याची.  मग त्यांनी रफिकभाईंना काही सांगितले, आणि रफिकभाई आमच्याकडे वळले.

"काय म्हणाले?" रामेश्वरने विचारले.

"म्हणाले, एका बापाचं घर उजाड करून माझ्या मजलिसला शोभा नको. काढा म्हणाले. विमानाने पाठवतो म्हणाले."

रामेश्वर मेस्त्री जमिनीवर बसला.

मग आम्ही काढण्यास सुरुवात केली. प्रथम त्याने पकडी कापल्या. त्या सुटल्या. नंतर छिन्नी आणि हातोडा घेऊन तो ग्राउट फोडू लागला, अगदी अलगद, जसे एखाद्याच्या पायातील काटा काढावा तसे. ग्राउट दगडासारखा होता, आणि कित्येक वर्षे पाण्यात राहिलेले ते लाकूड टोस्टासारखे ठिसूळ. ओल्या सिमेंटचे पाणी पिऊन ते आतून फुगले होते. इंजिनीअरने येऊन पाहिले आणि म्हणाला, "भोवतालची सगळी लादी कापून काँक्रीटसकट उचला म्हणाल, तर खाली एसीचे पाइप आहेत. ते वळवता येतील, मालक करतील खर्च. पण हे लाकूड तो धक्का सहन करणार नाही. लिहून देतो."

तरीही रामेश्वर थांबेना. त्याच्या बोटांतून रक्त येऊ लागले. "थोडं राहिलं, थोडंच राहिलं," असे तो पुटपुटत होता. रफिकभाईंनी त्याचा खांदा धरला, तो त्याने झटकून टाकला.

तेवढ्यात वाळलेली शेंग फुटावी तसा आवाज झाला. पहिल्या फॉनच्या गुडघ्यापासून एक चीर निघाली आणि आमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या छातीपर्यंत चढत गेली.

"बस," न्दिफोर म्हणाला. "बस, मेस्त्री भाई. खलास।"

रामेश्वरने हातोडा खाली ठेवला आणि कपाळ भिंतीला टेकवून तो रडू लागला. न्दिफोरने त्याला उठवले. कोण कोणाचे सांत्वन करीत होते हे सांगणे मला कठीण आहे.

पुढच्या शुक्रवारी मी न्दिफोरबरोबर शहरातील फोनच्या दुकानात गेलो. वाटेत बसमध्ये त्याने मला समजावून सांगितले. हरवलेल्या चौकटीची वाट पाहावी लागते, आणि तोवर दार रिकामे राहते, राजा होत नाही. परंतु चौकट मेली, जळाली किंवा वाळवीने खाल्ली, असे द्वारपालाच्या घरातील कोणी प्रत्यक्ष पाहून सांगितले, तर राजासारखेच तिचे सुतक पाळतात आणि नवी कोरतात. त्याच्या वडिलांनी पाहिले नव्हते, म्हणून चौकट मेली अशी खोटी शपथ घेण्यास त्यांनी नकार दिला होता.

"पण ती मेलेली नाही," मी म्हणालो.

"जो घर नहीं लौट सकता वो क्या है?" त्याने मला विचारले. 

काचेच्या खोलीत तो उभा होता आणि दार अर्धे उघडे होते. तो त्याच्या भाषेत बोलला, शांतपणे, न थांबता. मग तो गप्प झाला. पलीकडूनही काही येत नसावे, कारण तो नुसता कानाला रिसीव्हर लावून उभा राहिला. अखेरीस त्याने एकच शब्द उच्चारला आणि फोन ठेवला.

बाहेर आल्यावर मी विचारले, "क्या बोला?"

"मैंने बोला, दरवाजा मर गया, मैंने देखा. बोला, मैंने बेचा था। बाप को बोला, सबके सामने मेरा नाम बोलो।"

"अरे! पण तू तर..."

"नाम बोलेगा तो बाप का घर रहेगा। नया राजा बैठेगा। मेरा नाम नहीं रहेगा, बस।" तो थोडा वेळ चालत राहिला. "बाप चुप हो गया। फिर पूछा, सब राजा थे उसपे? मैंने बोला, हाँ।"

आता त्याला त्या डोंगरांत परत जाता येणार नव्हते. ज्याने राजाचे दार विकले त्याला बाम्फेरीत कोणी पाणीही देत नाही, हे त्याने मला मागाहून सांगितले, आणि तेही मी विचारले म्हणून.

सोमवारी सकाळी तो फाटकावर आला तेव्हा त्याने डोके साफ भादरले होते. साइटवरच्या पोरांनी चेष्टा केली, "क्या दीपूभाई, नया फॅशन?" परंतु रामेश्वरने त्याला पाहिले आणि लगेच टोपी काढली. क्षौर कशासाठी करतात हे त्याला कोणी सांगण्याची गरज पडली नाही.

त्याच दिवशी संगमरवर बसवणारे आले. दाराची फळी चौकटीत जरा अडत होती आणि रफिकभाई, आता आवाज न चढवता, म्हणाले, "मेस्त्री, डाव्या बाजूला एक सूत घासावं लागेल. नाहीतर राहू दे. मी सांगतो मालकांना."

रामेश्वर रंधा हातात घेऊन उभा राहिला. डाव्या खांबावर राजमाता बसल्या होत्या. तो पुढे होईना आणि मागेही होईना. न्दिफोर फाटकावरून आत आला. त्याने टाळी वाजवली नाही, तोंडावर हात ठेवला नाही. चपला पायात तशाच ठेवून तो चौकटीतून आत गेला, पलीकडून वळला आणि म्हणाला, "अब काटना है तो काट लो, मेस्त्री भाई। लकडी है।"

रामेश्वरने रंधा खाली ठेवला आणि दाराची फळी बिजागरीवरून उतरवून बाहेर उन्हात नेली. ती आमचीच होती, नवी, सागाची. तिलाच त्याने घासायला घेतले.